विश्लेषण : जॉन पोस्टेल यांच्या एका नियमाने इंटरनेट जोडले, पण फोनमधल्या कर्नलला तो जसाच्या तसा का पाळता येत नाही?

हा मजकूर स्क्रीनवर उमटेपर्यंत तुमच्या फोनमध्ये कित्येक पॅकेट येऊन गेली आहेत. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून येणारे माहितीचे छोटे पाकीट. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पण तो खराच असेल याची खात्री कोणी देत नाही. आत किती मजकूर आहे हेही पाकिटावर लिहिलेले असते आणि तेही खोटे असू शकते. अशा प्रत्येक पाकिटाची पहिली झडती घेतो तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. (लष्करातल्या कर्नलशी याचा संबंध नाही, तरी काम थोडेफार पहारेकऱ्याचेच आहे.) या पाकिटाचा आराखडा ज्यांच्या हातून अंतिम स्वरूपात कागदावर उतरला, त्या जॉन पोस्टेल यांचे १९९८ मध्ये निधन झाले. अनोळखी पाकिटाशी कसे वागावे याचा त्यांनी सांगितलेला नियम मात्र आजही वादाचा विषय आहे.

पोस्टेल कोण होते?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईस हायस्कूलमध्ये. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. पुढे तिघांचीही नावे इंटरनेटच्या जन्मकथेत आली. पोस्टेल यांनी यूसीएलए विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. संशोधनाचा विषय होता संगणकांमधील संवादाचे नियम गणिती आलेखांच्या साह्याने तपासणे. म्हणजे दोन यंत्रे एकमेकांशी बोलताना कुठे अडकतील, कुठे गोंधळतील, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात विद्यार्थिदशेपासूनच होता.

विद्यार्थी असतानाच ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत अर्पानेटवर काम करू लागले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरचा पहिला संदेश याच प्रयोगशाळेतून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे गेला. त्याच वर्षी क्रॉकर यांनी आरएफसी नावाची टिपणमाला सुरू केली. नाव नम्र होते, मते मागवणारे. पण इंटरनेटचे जवळजवळ सगळे नियम पुढे याच मालेतून प्रसिद्ध झाले. या मालेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत, तब्बल २८ वर्षे, त्यांच्याकडेच राहिले.

लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीवर सामान टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात पायपीट, असा हा माणूस. व्यासपीठावर मिरवण्यापेक्षा टिपणांतल्या चुका काढण्यात अधिक रमणारा.

एका माणसाच्या हातात इतके अधिकार कसे?

नेटवर्कवर कोणती सेवा कोणत्या क्रमांकाच्या दारावर मिळेल हे सगळ्यांनी एकसारखे पाळले, तरच यंत्रे एकमेकांना सापडतात. ईमेलसाठी २५, फाइल पाठवण्यासाठी २१ हे असेच पोर्ट क्रमांक. मे १९७२ मधल्या एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवले की हे क्रमांक वाटणारा कोणीतरी एक मुखत्यार असावा. तो आपणच असावे का, असा अर्धवट गमतीचा प्रश्नही त्यांनी कंसात टाकला. गंमत खरी ठरली. वहीत नोंदी करण्यापासून सुरू झालेले हे काम पुढे आयाना या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रत्यक्षात बराच काळ आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी. १९७७ पासून त्यांचे कार्यालय होते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आयएसआयमध्ये.

देशांच्या नावाची डोमेन कोणाला सोपवायची हेही तिथेच ठरे. भारताचे डॉट इन १९८९ मध्ये नोंदवले गेले आणि पुढे अनेक वर्षे त्याचा कारभार मुंबईतील एनसीएसटी या संस्थेने पाहिला. हे सगळे लांबलचक करारांपेक्षा परस्परविश्वासावर चाले. समोरची व्यक्ती जबाबदार आहे आणि आपल्या देशातील नेटवर्कचे भले पाहील, एवढे पोस्टेल यांना पटले की पुरे.

तो प्रसिद्ध नियम काय होता?

व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये वेगवेगळी नेटवर्क जोडण्याची कल्पना मांडली तेव्हा एकाच प्रोटोकॉलवर सगळा भार होता. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात स्पष्टपणे सांगितले की आपण चूक करतो आहोत. पाकीट पुढे पोहोचवणे हे एक काम आणि आलेली पाकिटे क्रमाने लावून हरवलेली पुन्हा मागवणे हे दुसरे. दोन्ही वेगळी करा. त्यातून आयपी आणि टीसीपी हे दोन थर झाले. सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्या संपादनाखाली आरएफसी ७९१, ७९२ आणि ७९३ प्रसिद्ध झाले : आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या नव्या नियमांवर गेले.

त्याआधी, जानेवारी १९८० मधल्या टीसीपीच्या मसुद्यात पोस्टेल यांनी एक छोटासा परिच्छेद घातला होता. त्याचा आशय असा : आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. समोरच्याच्या पाकिटात तांत्रिक चूक असली, पण अर्थ कळत असला, तर ते फेकून देऊ नये. हाच पुढे पोस्टेल यांचा नियम म्हणून ओळखला गेला.

त्या काळात हा सल्ला अत्यंत व्यवहारी होता. वेगवेगळ्या विद्यापीठांत, वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या लोकांनी तेच टिपण वाचून आपापले प्रोग्राम लिहिले होते. इंग्रजीत लिहिलेल्या नियमाचे दोन अर्थ निघणारच. प्रत्येकाने दुसऱ्याची बारीक चूक पकडून दार लावून घेतले असते, तर इंटरनेट प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेच नसते.

कर्नल पाकीट कसे तपासतो?

फोनमधले एखादे अ‍ॅप चुकले तर ते अ‍ॅप बंद पडते. कर्नल चुकला तर अख्खे यंत्र बसते किंवा दुसऱ्याच्या ताब्यात जाते, कारण मेमरीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत टीसीपी-आयपी थेट कर्नलमध्ये आले आणि तोच रिवाज बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमनी उचलला. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नलही हेच करतो. थोडक्यात, ज्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या आहेत, त्यालाच दारावर येणाऱ्या अनोळखी माणसांशी बोलायला उभे केले आहे.

आता ही झडती. नेटवर्क कार्ड आलेले बाइट मेमरीत टाकते आणि कर्नलला जागे करते. आयपीच्या शीर्षकाला, म्हणजे हेडरला, किमान २० बाइट लागतात. म्हणून पहिला प्रश्न : २० बाइट आले तरी आहेत का? हे न पाहता हेडर वाचायला गेले तर कर्नल पाकिटाच्या बाहेरची, भलतीच मेमरी वाचतो. दुसरा प्रश्न आवृत्तीचा. तिसरा असा की हेडर स्वतःची लांबी सांगतो, चार-चार बाइटांच्या मापात. हा आकडा पाचपेक्षा कमी असेल तर पाकीट खोटे. तो मोठा असेल तर तेवढे बाइट प्रत्यक्ष आले आहेत का हे पुन्हा पाहायचे. मग चेकसम. मग एकूण लांबीचा दावा : पाकीट म्हणते १,५०० बाइट आणि हातात आहेत ४००, तर फेका. उलट हातात जास्त असतील तर ते गुन्हा नव्हे. इथरनेटवर छोट्या पाकिटाला भर घालून पाठवतात, ती भर कापून टाकायची.

या सगळ्यामागचे सूत्र एकच. पाकिटात लिहिलेला आकडा हा पाठवणाऱ्याचा दावा आहे. किती बाइट खरोखर आले हे कर्नलने स्वतः मोजलेले असते. दाव्याची सांगड मोजणीशी घातल्याशिवाय त्या आकड्याने मेमरीत एक पाऊलही टाकायचे नाही. आणि तपासलेला आकडा आधी स्वतःजवळ उतरवून घ्यायचा. आभासी यंत्रांच्या जगात पाकीट कधी कधी दोघांच्या सामायिक मेमरीत असते. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात पलीकडचा आकडा बदलू शकतो. वजनकाट्यावरून उतरवल्यावर पिशवीत दगड टाकण्याचाच हा प्रकार.

१९९६-९७ मध्ये काय बिघडले?

आयपीमध्ये मोठे पाकीट तुकडे करून पाठवता येते. पाकिटाची कमाल लांबी ६५,५३५ बाइट. प्रत्येक तुकडा आपली जागा सांगतो, त्यासाठी १३ बिटांचा आकडा, आठ-आठ बाइटांच्या मापात. म्हणजे सर्वांत दूरची जागा ८,१९१ गुणिले ८, अर्थात ६५,५२८. त्या जागेवरच्या तुकड्यात सातपेक्षा जास्त बाइट भरले की बेरीज मर्यादेबाहेर जाते. एकेकटा तुकडा पाहिला तर तो नियमात बसतो. घोटाळा जोडणीत होतो. १९९६ मध्ये हे उघड झाले तेव्हा कित्येक ऑपरेटिंग सिस्टीम ६५,५३५ बाइटांपुरतीच जागा राखून तुकडे ओतत होत्या. उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर सांडत आणि यंत्र कोसळे. या हल्ल्याला पिंग ऑफ डेथ असे नाव पडले. पिंग चालते ते पोस्टेल यांनीच लिहिलेल्या आयसीएमपीवर. आणि उपाय? जागा अधिक लांबी, बेरीज ६५,५३५ च्या वर गेली तर तुकडा फेका. एका ओळीची तपासणी.

१९९७ चा टिअरड्रॉप हल्ला याहून बोलका आहे, कारण त्याचे मूळ उदारपणात आहे. दोन तुकडे एकमेकांवर चढले तर काय करायचे? आरएफसी ७९१ मधल्या नमुना पद्धतीत उत्तर होते की नंतर आलेल्याचा मजकूर वापरावा. पाकीट नाकारावे असे तिथे नव्हते. लिनक्सने यात आपली पद्धत आणली : नव्या तुकड्याचा आधीच्यावर चढलेला भाग कापायचा, म्हणजे त्याची सुरुवात पुढे सरकवायची. हल्लेखोराने दुसरा तुकडा असा पाठवला की तो पहिल्याच्या पोटातच संपेल. सुरुवात सरकून शेवटाच्याही पुढे गेली, लांबी शून्याखाली गेली, आणि मेमरीची नक्कल करणाऱ्या सूचनेने तो उणे आकडा अवाढव्य धन आकडा म्हणून वाचला. यंत्र आडवे.

त्याच सुमारास लँड हल्ल्यात पाठवणारा आणि घेणारा हे दोन्ही पत्ते एकच लिहिलेले पाकीट येई आणि यंत्र स्वतःलाच उत्तरे देत बसे. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवादात्यावर झालेल्या हल्ल्यात तर एकही पाकीट वेडेवाकडे नव्हते. जोडणीची विनंती खोट्या पत्त्यांवरून करायची, कर्नल तिच्यासाठी जागा राखून ठेवतो, पलीकडून कोणी पुढे बोलत नाही, रांग भरते, खरे ग्राहक बाहेर. यावर त्याच महिन्यात पुढे आलेला तोडगा चतुर होता : विनंती आल्यावर काहीच लक्षात ठेवायचे नाही. हिशेबाचा आकडा उत्तरात घालून परत पाठवायचा आणि तो आकडा घेऊन जो येईल त्यालाच जागा द्यायची. हॉटेलात टोकन दाखवल्याशिवाय टेबल नाही, तसे.

मग पोस्टेल भोळे होते का?

असे म्हणणे सोपे आहे आणि ते वारंवार म्हटले जाते. कागदपत्रे वेगळे सांगतात. नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे स्पॅम हा शब्द ईमेलला चिकटण्याच्या कितीतरी आधी, पोस्टेल यांनी नको असलेल्या संदेशांवर एक छोटे टिपण लिहिले. नेटवर्कवरच्या यंत्राला नको तो संदेश नाकारण्याची सोयच नाही, तो नाकारण्यासाठीही आधी घ्यावा आणि वाचावा लागतो. एखादे बिघडलेले किंवा खोडसाळ यंत्र अशाने दुसऱ्याचे काम ठप्प करू शकते. तेव्हा अशा पाठवणाऱ्याला नेटवर्कनेच अलीकडे अडवावे, असा त्याचा आशय. सेवा ठप्प करणाऱ्या आजच्या हल्ल्यांची ही जवळजवळ अचूक रूपरेषा आहे.

दुसरा पुरावा जास्त मजेदार आहे. टीसीपीचे सुरुवातीचे प्रोग्राम एकमेकांशी झुंजवून पाहण्याचे मेळावे होत. त्यांचे नियम पोस्टेल यांनी १९८७ मध्ये टिपणात प्रसिद्ध केले. सगळे पर्याय एकाच वेळी चालू असलेले आत्मघातकी पाकीट नीट हाताळले तर गुण. नियमात बसणारी पाकिटे पाठवून प्रतिस्पर्ध्याचे यंत्र पाडले तर ३० गुण. नियम मोडणारी पाकिटे पाठवून पाडले तर २०. गुण कोणत्या ठोशाला जास्त ठेवले आहेत ते पाहण्यासारखे आहे. नियमात बसणाऱ्या पाकिटांनी कोसळणारे यंत्र हा मोठा दोष, हे त्यांना पक्के ठाऊक होते. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या अभियंत्याने लिनक्स कर्नलमध्ये शोधलेला सॅक पॅनिक हा दोष अगदी या ३० गुणांच्या जातीचा : पाकिटे टीसीपीच्या चौकटीतली, फक्त अगदी छोट्या तुकड्यांचा आग्रह धरणारी, आणि कर्नलमधला १६ बिटांचा मोजणी-आकडा ओसंडून यंत्र बंद.

नियमाची दुसरी बाजू लिहिली ती आयएसआयमधले पोस्टेल यांचे सहकारी बॉब ब्रेडन यांनी. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये त्यांनी उदार स्वीकाराचा सल्ला कायम ठेवला, पण त्याला जोड दिली : नेटवर्क वाईटात वाईट परिणाम साधण्यासाठीच पाकिटे पाठवणाऱ्या दुष्टांनी भरलेले आहे असे धरून प्रोग्राम लिहावा. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मॉरिस वर्मने इंटरनेटला हादरा दिला होता. उदार असणे आणि बेसावध असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे या टिपणात लिहून ठेवले आहे. दुर्दैवाने प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पहिले अर्धे वाक्य पाठ केले आणि उरलेले पान उलटलेच नाही.

तरी नियमाचा दोषही नाकारण्यासारखा नाही. चुकीचे पाकीट प्रत्येकजण आपापल्या परीने समजून घेऊ लागला की एकाच पाकिटाचे दोन अर्थ होतात. जानेवारी १९९८ मध्ये टॉमस टासेक आणि टिमथी न्यूशम यांनी दाखवले की एकमेकांवर चढलेले तुकडे पहारा देणारी यंत्रणा एका प्रकारे जोडते आणि आतले यंत्र दुसऱ्या प्रकारे. पहारेकऱ्याला दिसते निरुपद्रवी पत्र, मालकाच्या हातात पडते विष. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत २००९ पासून चढलेले तुकडे सरळ फेकून द्यावेत असा नियम आहे. २०२३ मध्ये तर आरएफसी मालेतच प्रसिद्ध झालेल्या एका टिपणाने म्हटले की चुका सांभाळून घेत राहिल्याने चुकाच रूढ होतात. त्यापेक्षा नियम जिवंत ठेवा, दुरुस्त करत राहा. पोस्टेल यांच्याच मालेत, पोस्टेल यांच्याच नियमाची ही उलटतपासणी.

शेवटचे वर्ष

१९९८ पर्यंत इंटरनेट व्यापाराचे झाले होते. डोमेन नावांची मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि तिचे पुढे काय करायचे यावर अमेरिकी सरकार धोरण आखत होते. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना एक ईमेल पाठवले : मूळ यादी यापुढे कंपनीच्या सर्व्हरऐवजी आयानाच्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकले. कोणी आदेशाचा कागद मागितला नाही. पोस्टेल सांगत आहेत, एवढे त्यांना पुरले. सामान्य वापरकर्त्याला काहीच जाणवले नाही, कारण दोन्हीकडची यादी सारखीच होती. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. क्लिंटन प्रशासनाचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगितले आणि साधारण आठवड्याभरात सर्व काही पूर्ववत केले.

तो विश्वास चांगल्या माणसाच्या हाती होता म्हणून निभावले. तोच ईमेल पोस्टेल यांच्या नावाने दुसऱ्या कोणी पाठवला असता तर, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असणार. मॅगझिनर यांच्या प्रस्तावाचा मसुदा दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, प्रसिद्ध झाला. आयानाचे काम एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवायचे ठरले, आणि पुढचे काही महिने पोस्टेल त्याच संस्थेच्या उभारणीत गुंतले. आयकॅन ही संस्था सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस स्थापन झाली.

१९९१ मध्ये त्यांच्या हृदयावर एकदा शस्त्रक्रिया झाली होती. १९९८ मध्ये झडप बदलण्याची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्यानंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय ५५. त्याच महिन्यात व्हिंट सर्फ यांनी लिहिलेली श्रद्धांजली आरएफसी २४६८ म्हणून प्रसिद्ध झाली. इतकी वर्षे त्या मालेतल्या प्रत्येक टिपणावरून ज्यांची नजर फिरली होती, त्यांच्याविषयीचे हे टिपण त्यांच्या नजरेखालून गेले नाही.